पावडर कोटिंग की पीयू? स्टीलची फ्रेम रंगवायच्या आधी एवढं वाचा

दर पावसाळा संपला की तोच प्रश्न येतो. जुनी स्टीलची सायकल, रंग उडालेला, पायडलच्या एक्सलखाली गंज, आणि मग कोणीतरी ठामपणे सांगतं की "पावडर कोटिंग करून टाक, एकदम मजबूत, परत बघायला नको." दुसरा विचारतो, ड्युको मारला तर? त्याला उत्तर मिळतं, "ड्युको काय, नखाने निघतो." ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत आणि त्यांच्या भरवशावर चांगल्या चांगल्या फ्रेम वाया गेलेल्या बघितल्यात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

पावडर कोटिंग सगळ्यांना माहितीये. खिडकीची ग्रिल, ऑफिसचं कपाट, तेच. कोरडी पावडर विजेचा चार्ज देऊन उडवतात, फ्रेम अर्थिंगला टांगलेली असते म्हणून ती चिकटते, मग साधारण १८० ते २०० डिग्रीच्या भट्टीत भाजतात. भट्टीने फ्रेमचे जोड ढिले होतात वगैरे भीती सोडून द्या, पितळेने केलेला जोड वितळायला ९०० च्या आसपास जावं लागतं.

ड्युकोबद्दल मात्र नावातच घोळ आहे. हे नाव ड्युपाँ कंपनीच्या १९२० च्या दशकातल्या लॅकरचं, आपल्याकडे गनने मारलेला कुठलाही रंग म्हणजे ड्युको. असलं लॅकर नुसतं थिनर उडून सुकतं आणि थिनरचा बोळा फिरवला की परत विरघळतं, नखाने निघतो म्हणतात तो बहुतेक वेळा हाच. पावडरशी तुलना करायची तर टू-के पीयूची करा, म्हणजे दोन भाग मिसळून बनणारा पॉलियुरेथेन रंग, जो चारचाकीवर मारतात, ज्यात हार्डनर मिसळतात आणि जो रासायनिक क्रियेने कडक होतो. पेंटरला "ड्युको मारा" नका सांगू, "टू-के पीयू, खाली एपॉक्सी प्रायमर" असं सांगा.

आता खरा मुद्दा. लोक "मजबूत" आणि "गंज लागणार नाही" या दोन गोष्टी एकच समजतात, आणि सगळी चूक इथेच होते. पावडर ओरखड्याला, स्टँडवर घासण्याला पीयूपेक्षा जास्त टिकते, मान्य. पण गंज सगळ्या फ्रेमभर एकदम लागत नाही, तो एका टवक्यापासून सुरू होतो, म्हणून विचारायचं ते हे की टवका उडाल्यावर काय होतं.

माझ्या वडिलांची लग (नळ्यांच्या जोडावर बसवलेल्या धातूच्या बाह्या) असलेली जुनी सायकल मी एका ग्रिलवाल्याकडे पावडरला दिली होती. आली तेव्हा इतकी सुंदर दिसत होती की मी ती चार दिवस घरातच ठेवली. एक पावसाळा झाला आणि चेनस्टे, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दोन नळ्या, जिथे पायडलच्या एक्सलच्या नळीला मिळतात त्या खाचेत तांदळाएवढे फुगे दिसले. एकाला नख लावलं तर अख्खी बोटभर लांब साल निघाली, वाळलेल्या फेव्हिकॉलसारखी, आणि खाली ओला तपकिरी गंज, म्हणजे वरून चकचकीत रंग होता आणि पाणी खालून सरकत गेलं होतं.

असं का झालं ते नंतर कळलं. चार्ज केलेली पावडर उघड्या, बाहेर आलेल्या भागाकडे ओढली जाते, अरुंद खाचेत नीट शिरतच नाही, आणि सायकलच्या फ्रेममध्ये पाणी आणि माती नेमकी त्याच खाचांमध्ये साठते. दुसरं, माझी फ्रेम नुसती घासून रंगवली होती. पावडरच्या कारखान्यात ज्याला सेव्हन टँक म्हणतात, म्हणजे तेल काढणं, गंज काढणं, फॉस्फेटिंग, मधेमधे पाण्याने धुणं, ते झालंच नव्हतं. फॉस्फेटचा थर असला की रंग धातूला धरून बसतो आणि टवका उडाला तरी गंज खालून पसरायला वेळ लागतो. हे नसेल तर वरची पावडर कितीही टणक असू दे, ती फक्त गंज लपवते.

पीयूलाही टवका उडतो, उलट लवकर उडतो. पण तो दिसतो. तेवढी जागा पॉलिश पेपरने घासा, प्रायमर लावा, बारीक ब्रशने रंग लावा, एका रविवारचं काम. पावडरचा तुकडा पावडरने भरता येत नाही, ओला रंग लावून वेळ मारून न्यावी लागते नाहीतर पूर्ण फ्रेम परत सोलायची.

खड्डा असेल तर तोही आधी बघा. साधी लांबी, म्हणजे खड्डा भरायची पुट्टी, भट्टीत टिकत नाही आणि वीज वाहून नेत नाही म्हणून तिच्यावर पावडरही नीट बसत नाही. पीयूखाली लांबी बिनधास्त चालते. जुने स्टिकर, सोनेरी रेघा क्लिअरच्या, म्हणजे वरच्या पारदर्शक थराच्या खाली हव्या असतील तर पीयूच. लगच्या कोरीव कडासुद्धा पावडरच्या जाड थराने बोथट होतात आणि मला ते बघवत नाही.

भाव आणि चमक यावर लोक तासन्तास बोलतात, त्यात काही दम नाही. पावडर साधारणपणे स्वस्त पडते, एवढंच.

माझं मत स्पष्ट आहे. लग असलेली जुनी फ्रेम असेल तर टू-के पीयू, आणि पावसाळ्यात नाही, कारण हार्डनर हवेतल्या ओलाव्याशीच रिअॅक्ट होतो आणि रंगाला बुडबुडे येतात. नोव्हेंबरनंतर द्या. आणि गॅलरीत रुमाल बांधून स्वतः मारू नका, त्या हार्डनरची वाफ फुप्फुसांना फार वाईट. रोज स्टेशनवर उघड्यावर उभी राहणारी साधी वेल्डेड सायकल असेल तर पावडर खुशाल करा, पण फॉस्फेटिंग होतं का ते आधी विचारा. "रेड ऑक्साइड मारून देतो" असं उत्तर आलं तर फ्रेम उचला आणि परत या, गंजावर रेड ऑक्साइड फासणं हे काम नव्हे. सँडब्लास्टिंग करणार असतील तर बारीक ग्रिट सांगा, चांगल्या फ्रेमच्या नळीची भिंत मधे एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते.

देण्याआधी चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क), वाट्या, छर्रे सगळं काढून द्या. एक्सलच्या नळीचे आटे आणि हेडच्या वाट्या बसतात ती जागा दोन्ही पद्धतीत झाकूनच घ्या, नाहीतर नंतर आटे परत पाडावे लागतात.

आणि नळीच्या आत यातला कुठलाच रंग पोचत नाही. सीटच्या नळीतून पावसाचं पाणी उतरून एक्सलपाशी साठतं आणि फ्रेम आतून खाल्ली जाते. शिवाय सेव्हन टँकमधलं अॅसिड आत राहिलं तर तेही खातं, म्हणून फ्रेम नीट धुऊन वाळवून घ्या. रंग पूर्ण कडक झाला की आत मेणाचा अँटीरस्ट स्प्रे सोडा, फ्रेम चारही बाजूंनी फिरवा म्हणजे तो सगळीकडे पसरतो, रात्रभर उलटी टांगा आणि एक्सलखालचं भोक मेणाने बुजलेलं नाही ना ते खिळ्याने तपासा.