टीव्हीचं बिल आणि पॅकचा गुंता : पार्श्वभूमी

घरात बघतात पाच-सहा चॅनेल, पैसे मात्र दोनशे चॅनेलचे. टीव्हीच्या बिलाचा विषय निघाला की ही तक्रार हमखास ऐकू येते, आणि तिला उत्तर म्हणून 'तुमच्या आवडीचेच चॅनेल घ्या, तेवढेच पैसे द्या' हे आश्वासन सरकारी पातळीवर एकदा नव्हे, तीनदा दिलं गेलं. तिन्ही वेळा ते का अडलं हे समजून घ्यायचं तर केबलच्या या वायरीचा जन्म बघावा लागतो.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. पुढची बरीच वर्षं गच्चीवरचा अँटेना आणि एकच वाहिनी, एवढाच कारभार होता. ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या इमारतींमध्ये व्हिडिओ केबल आली : खाली एक व्हीसीआर आणि तिथून प्रत्येक घरात गेलेली वायर. रात्री सिनेमा लागायचा, महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची. टीव्हीवर थेट दाखवलं गेलेलं 1991 चं आखाती युद्ध, त्याच वर्षी हाँगकाँगहून आलेला स्टार टीव्ही आणि 2 ऑक्टोबर 1992 ला सुरू झालेला झी टीव्ही यांनी याच वायरीला डिश जोडली. सरकारने काही आखायच्या आत देशभर जाळं उभं राहिलं होतं. ते उभं केलं गल्लीतल्या पोरांनी. गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या काळ्या वायरी, विजेच्या खांबाला बांधलेला अँप्लिफायर, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कार्ड घेऊन दारात येणारा मुलगा. मॅचच्या दिवशी चित्र गेलं तर तो भर पावसात खांबावर चढायचा. त्यांचं श्रेय नाकारणं मला अन्यायाचं वाटतं. पुढे अल्फा मराठी (1999) आणि ईटीव्ही मराठी (2000) घरोघर पोचले तेही याच वायरीवरून.

कायदा उशिरा आला. 1994 च्या अध्यादेशानंतर 1995 चा केबल टीव्ही कायदा झाला आणि केबलवाल्याला मुख्य टपाल कार्यालयात 500 रुपये भरून नोंदणी करणं भाग पडलं. पण खरी अडचण नोंदणीची नव्हती, मोजणीची होती. ॲनालॉग वायरीत सगळे चॅनेल सगळ्यांकडे सारखेच जातात. कोणाच्या घरी काय बघतात हे कळायची सोयच नाही. त्यामुळे केबलवाल्याने शंभर घरं असली तरी वरच्या, म्हणजे वाहिन्या पुरवणाऱ्या कंपनीला वीस-पंचवीसच सांगायची, करमणूक कर भरतानाही तसंच. वाहिन्यांनी तो तोटा दर वाढवून भरून काढला. प्रत्येक जण दुसऱ्यावर अविश्वास दाखवत होता आणि बिल ग्राहकाचं वाढत होतं.

यावर पहिला उपाय म्हणजे 'कॅस' (कंडिशनल ॲक्सेस सिस्टीम), पैसे भरलेलेच चॅनेल दिसू देणारी पद्धत. 2002 ला कायद्यात दुरुस्ती झाली. पे चॅनेल, म्हणजे पैसे आकारणाऱ्या वाहिन्या, हवे असतील तर सेट टॉप बॉक्स घ्या, हवे तेवढेच निवडा. चेन्नईत 2003 मध्ये ते लागू झालं, मुंबई-दिल्ली-कोलकात्यात मात्र रेंगाळलं. 2004 च्या जानेवारीत केबलचं नियमन ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे आलं आणि ट्रायने दर 26 डिसेंबर 2003 च्या पातळीवर गोठवले. शेवटी न्यायालयाच्या आदेशाने 31 डिसेंबर 2006 पासून दक्षिण मुंबईत कॅस आलं : मोफत (फ्री टू एअर) वाहिन्या घरी पोचवण्याचे महिन्याला 77 रुपये, वर प्रत्येक पे चॅनेलला 5 रुपये. ग्राहकाला कळेल इतका सोपा हिशेब होता. तो काही भागांपुरताच ठेवून विझू दिला, ही या सगळ्यातली सर्वांत मोठी चूक असं माझं मत आहे.

दुसरी फेरी डिजिटायझेशनची : ॲनालॉग बंद, सगळ्यांना सेट टॉप बॉक्स. मुंबईत 31 ऑक्टोबर 2012, पुणे-नागपूर-नाशिकसह 38 शहरांत 31 मार्च 2013 ही मुदत होती. बॉक्स घरोघर बसले, मोजणी शक्य झाली. निवड मात्र आली नाही, कारण केबलवाल्याने दिलेला पॅकच चालू राहिला.

तिसरी फेरी ट्रायच्या नव्या दरनियमांची, 1 फेब्रुवारी 2019 पासूनची. 100 वाहिन्यांपर्यंत 130 रुपये नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे वाहिन्या घरापर्यंत पोचवण्याचा आकार, 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे. त्या शंभरात दूरदर्शनच्या अनिवार्य वाहिन्याही धरलेल्या, आणि एक एचडी वाहिनी म्हणजे दोन. पे चॅनेलचे वेगळे पैसे. पॅकमध्ये घालायच्या वाहिनीची किंमत जास्तीत जास्त 19 रुपये, आणि अनेक लोकप्रिय वाहिन्यांनी नेमका तोच आकडा लावला. तेव्हाचा हिशेब करा. 19 रुपयांचा चॅनेल जीएसटीसह 22 रुपये 42 पैशांना पडतो. असे पाच सुटे घेतले की 112 रुपये 10 पैसे, फी धरून 265 रुपये 50 पैसे. तेच पाच आणि वर न बघितले जाणारे आणखी काही चॅनेल पॅकमध्ये बऱ्याच कमी पैशांत मिळायचे. मग सुटे कोण घेणार? फॉर्मवर खुणा करायला बसलेला माणूस शेवटी पॅकवरच येऊन थांबायचा.

हे ट्रायला आधीच दिसलं होतं. म्हणूनच मूळ नियमांत सुट्या किमतींच्या बेरजेवर पॅकमध्ये 15 टक्क्यांपेक्षा जास्त सवलत नको, अशी अट होती. मद्रास उच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती मनमानी ठरवून काढली. बाकी नियम सर्वोच्च न्यायालयातही टिकले. सगळा डोलारा ज्या अटीवर उभा होता तीच निघाली. 2020 मध्ये ट्रायने 19 ची मर्यादा 12 वर आणली, 130 रुपयांत 200 वाहिन्या केल्या, पुन्हा खटले झाले. नोव्हेंबर 2022 मध्ये 12 चे परत 19 झाले आणि पॅकवर 45 टक्क्यांपर्यंत सवलतीला मुभा मिळाली. जुलै 2024 मध्ये तर नेटवर्क फीवरची कमाल मर्यादाही उठवली गेली.

एवढ्यात बरीच घरं वायर काढून मोबाइलच्या रिचार्जबरोबर येणाऱ्या ओटीटीकडे वळली आहेत. तिथे ट्रायचे हे दरनियम लागू नाहीत, आणि एका मालिकेसाठी पुन्हा अख्खा पॅकच घ्यावा लागतो. सुट्या वाहिनीची किंमत पॅकमधल्या किंमतीशी घट्ट बांधल्याशिवाय निवडीचा हक्क कागदावरच राहणार, हे 2019 ने दाखवून दिलं आहे. पुढचा नियम लिहिताना ट्रायने सुरुवात त्या 15 टक्क्यांपासूनच करायला हवी, आणि या वेळी न्यायालयात टिकेल अशी आकडेवारी सोबत ठेवून.