माउंटन डल्सिमर : वाद्य आणि ते शिकण्याची रीत

माउंटन डल्सिमर हे अमेरिकेच्या ॲपलाचियन डोंगराळ मुलखात घडलेले, मांडीवर आडवे ठेवून वाजवायचे पडद्यांचे तंतुवाद्य आहे. ॲपलाचियन डल्सिमर आणि लॅप डल्सिमर ही त्याचीच नावे. केंटकी राज्याने २००१ मध्ये त्याला अधिकृत राज्यवाद्याचा मान दिला. नावावरून मात्र घोटाळा होऊ शकतो, कारण ‘डल्सिमर’ नावाचे दुसरे वाद्य त्याहून पुष्कळ जुने आहे. त्याच्या समलंब पेटीवर डझनावारी तारा ताणलेल्या असतात आणि त्या लहान हातोड्यांनी छेडतात. ते आपल्या संतूरचे भाऊबंद. माउंटन डल्सिमरचे त्याच्याशी नावापलीकडे नाते नाही. ‘गोड सूर’ अशा अर्थाच्या लॅटिन आणि ग्रीक शब्दांतून आलेले हे नाव डोंगरातल्या लोकांनी आपल्या वाद्याला लावले, एवढेच.

डल्सिमर हाती घेणारे बहुतेक लोक ते गोलात बसून, इतरांच्या सोबतीने शिकतात. तसे शिकता येते याचे कारण वाद्याच्या बांधणीतच दडलेले आहे, म्हणून आधी बांधणी पाहू.

बांधणी आणि सूर

सुमारे तीन फूट लांबीची अरुंद, पोकळ लाकडी पेटी, तिच्या मधोमध टोकापासून टोकापर्यंत गेलेली दांडी आणि दांडीवर पडदे, असे हे साधे वाद्य. पेटीचा आकार केंटकीकडे कमरेशी बारीक, म्हणजे वाळूच्या घड्याळासारखा असतो. इतरत्र थेंबासारखा किंवा लंबगोलही आढळतो. लाकूड अक्रोडाचे, चेरीचे, पॉप्लरचे. जे जवळच्या रानात मिळाले ते. तबलीवरची नादछिद्रे पुष्कळदा पत्त्यांतल्या बदामाच्या आकारात कोरलेली असतात. तारा तीन किंवा चार. चार असल्यास वाजवणाऱ्याच्या अंगाकडच्या दोन तारा अगदी जवळजवळ बसवून एकाच सुरात लावतात आणि त्या जोडीवर चाल वाजते. उरलेल्या दोन तारा जुन्या पद्धतीत दाबायच्याच नसतात. त्या षड्ज-पंचम धरून अखंड घुमत राहतात. जुन्या कित्येक वाद्यांत तर पडदे फक्त चालीच्या तारेखाली, तारेचे तुकडे वाकवून ठोकलेले दिसतात. बाकीच्या तारांना पडद्याची गरजच नव्हती.

गिटारीवर ओळीने बाराही स्वरांचे पडदे असतात, तसे इथे नाहीत. डल्सिमरच्या पडद्यांत सप्तकाचे सातच स्वर बसवलेले असतात, तेही ठरावीक अंतराने. चालीची तार खुली छेडून पडद्या-पडद्याने वर गेले की खमाज थाटाचे स्वर मिळतात : सगळे शुद्ध, निषाद तेवढा कोमल. पडदे हलत नाहीत. म्हणून थाट बदलायचा तर चालीची तार कमीजास्त ताणून षड्ज दुसऱ्या पडद्यावर आणायचा. षड्ज पाश्चात्त्य डी स्वरावर धरला तर जुन्या लावणीत (तारा सुरात लावण्याच्या रीतीत) तारा डी-ए-ए अशा, म्हणजे सा-प-प, असतात. तिथे चालीचा षड्ज तिसऱ्या पडद्यावर येतो आणि बिलावल थाट मिळतो. चालीची तार सी वर आणली की षड्ज पहिल्या पडद्यावर जाऊन आसावरी मिळतो, आणि जी वर उतरवली की चौथ्या पडद्यापासून काफी. पाश्चात्त्य संगीतात या स्वररचनांना मोड म्हणतात आणि त्यांची नावे ग्रीक आहेत. थाट ओळखीचे असलेल्या मराठी वाचकाला ती पाठ करण्याची गरज नाही.

वाजवण्याची जुनी रीतही साधी. डाव्या हातात नोटर नावाची बोटभर लाकडी किंवा बांबूची काडी धरून ती चालीच्या तारांवर दाबत सरकवायची, उजव्या हातात टर्कीच्या किंवा हंसाच्या पिसाचा देठ घेऊन सगळ्या तारांवर पुढे-मागे झाडायचा. काडी तारेवरून घसरताना होणारी सूक्ष्म मींड हे या पद्धतीचे लक्षण. आवाज लहान, एका खोलीपुरता. फिडल आणि बँजो ही नाचाच्या गर्दीत टिकणारी वाद्ये. डल्सिमर गाणाऱ्याच्या गळ्याला सोबत करणारे. दोन दांड्यांचा एक ‘कोर्टिंग डल्सिमर’ही असतो. समोरासमोर बसलेल्या मुलगा-मुलीने तो एकाच वेळी वाजवायचा, म्हणजे शेजारच्या खोलीतल्या वडीलधाऱ्यांना चारही हात कामात असल्याची खात्री पटते, अशी त्याची कथा सांगतात. कथा नंतर रचलेली असली तरी वाद्य खरे आहे.

उगम

उत्तर युरोपात अशा वाद्यांचे मोठे कुटुंब आहे : नॉर्वेचे लांगेलाइक, स्वीडनचे हुमेल, फ्रान्समधील वोज प्रदेशाचे एपिनेट आणि जर्मनांचे शाइटहोल्ट. प्रेटोरियस या जर्मन संगीतज्ञाने १६१९ मध्येच शाइटहोल्टचे वर्णन केले आहे. पेनसिल्व्हेनियात उतरलेल्या जर्मन वसाहतकऱ्यांबरोबर ते अमेरिकेत आले आणि दक्षिणेकडे व्हर्जिनियाच्या खोऱ्यांत पसरले. तिथे स्कॉट-आयरिश आणि इंग्रज वसाहतकऱ्यांशी गाठ पडली. शाइटहोल्टची सरळ, अरुंद पेटी जणू एका मोठ्या पेटीवर चढवली की डल्सिमरची दांडी तयार होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे वाद्य आकाराला आले ते असेच, असे अभ्यासक मानतात. वाद्याचा साचा जर्मन, त्यावरची गाणी बहुतांशी ब्रिटिश बेटांवरची. डोंगरातल्या प्रत्येक घरात ते होते अशी समजूत मात्र चुकीची आहे. ते काही खोऱ्यांत होते, शेजारच्या खोऱ्यात कुणी पाहिलेलेही नसे. व्हर्जिनियातील गॅलॅक्स भागात सगळ्या तारा एकाच सुरात लावून फिडलच्या जोडीने वेगात वाजवण्याची परंपरा आहे. केंटकीच्या संथ वादनापुढे ते निराळेच वाद्य वाटते.

घरातून शाळेत

पूर्वी हे वाद्य शिकवत असे कुणी नव्हते. ते घरात ऐकून उचलले जाई. केंटकीच्या नॉट काउंटीतील जेम्स एडवर्ड थॉमस (१८५०–१९३३) यांनी १८७० च्या दशकापासून डल्सिमर बनवायला घेतले. लोक त्यांना ‘अंकल एड’ म्हणत. बनवलेली वाद्ये गाडीवर घालून ते दारोदार विकत, आणि दारात बसून वाजवूनही दाखवत. ज्याने घेतले त्याचा पहिला धडा बहुधा तोच. त्याच काउंटीत १९०२ मध्ये कॅथरीन पेटिट आणि मे स्टोन यांनी हिंडमन सेटलमेंट स्कूल सुरू केले. बाहेरून आलेल्या शिक्षिकांनी स्थानिक हस्तकला आणि गाणी जपण्याला महत्त्व दिले, त्यामुळे डल्सिमरला शाळेचे छप्पर मिळाले. थॉमस यांच्याकडून कारागिरी उचललेले जेथ्रो ॲम्बर्गी पुढे याच शाळेत सुतारकाम शिकवू लागले आणि आयुष्यात त्यांनी हजाराहून अधिक डल्सिमर घडवले.

लोकगायिका जीन रिची (१९२२–२०१५) यांच्या घरची हकीकत या काळाचे चांगले चित्र देते. केंटकीतील व्हायपर गावच्या या कुटुंबातील चौदा भावंडांत त्या धाकट्या. वडिलांच्या डल्सिमरला मुलांनी हात लावायचा नाही असा दंडक होता. चार-पाच वर्षांच्या जीनने तो दंडक चोरून मोडला, आणि वडील शिकवायला बसले तेव्हा पोरीला चाल आधीच वाजवता येत होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्या समाजकार्यासाठी न्यूयॉर्कला आल्या आणि हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या संस्थेत शहरी मुलांना डोंगरातली गाणी व खेळ शिकवू लागल्या. ऐकणाऱ्यांना वाद्य हवेसे झाले; पण विकत मिळेना. तेव्हा त्यांचे पती जॉर्ज पिको यांनी काकांच्या मदतीने ब्रुकलिनमध्ये डल्सिमर बनवायला घेतले. १९६३ मध्ये रिची यांचे वादन शिकवणारे पुस्तक निघाले. अंगणात ऐकायला कुणी नसलेल्या माणसालाही डल्सिमर शिकता येऊ लागले ते तेव्हापासून. १९७१ मध्ये गायिका जोनी मिचेल यांच्या ‘ब्लू’ या ध्वनिमुद्रिकेत ते वाजल्यावर डोंगराशी काहीच संबंध नसलेली पिढीही त्याकडे वळली.

मंडळातले शिक्षण

आज अमेरिकेच्या पुष्कळ गावांत डल्सिमर क्लब आहेत; ब्रिटनमध्ये नॉनसच डल्सिमर क्लब आहे. भेटण्याची जागा चर्चचे सभागृह, ग्रंथालय, ज्येष्ठ नागरिकांचे केंद्र अशी. सभासदांत निवृत्त लोक बरेच, आणि त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यात आधी एकही वाद्य हाती धरलेले नसते. रीत साधारण अशी : नवशिक्यांचा छोटा वर्ग आधी, मग सगळ्यांचा गोल, ज्याला वादक जॅम म्हणतात. गोलातल्या प्रत्येकाने पाळीपाळीने एक चाल सुचवायची, ती सगळ्यांनी तीन-चारदा वाजवायची. संथ लयीचा जॅम वेगळा ठेवतात. वाद्य नसलेल्याला क्लबचे वाद्य घरी न्यायला मिळते. शाळकरी मुलांसाठी जाड पुठ्ठ्याच्या पेटीवर लाकडी दांडी बसवलेले स्वस्त डल्सिमरही असते, आणि त्याचा आवाज पुठ्ठ्याच्या मानाने चांगला निघतो.

हे जमते कसे, याचे उत्तर घुमणाऱ्या तारांत आहे. गिटारच्या वर्गात नवख्याने चुकीच्या जागी खुल्या तारा छेडल्या तर सगळ्यांचे तोंड वाकडे होते. डल्सिमरच्या गोलात सर्वांची वाद्ये एकाच लावणीत असतात आणि बहुतेक चाली एकाच षड्जावर. ज्याला काहीच येत नाही त्याने डावा हात मांडीवर ठेवून नुसत्या खुल्या तारा ठेक्यात झाडल्या तरी सा-प-सा चालू राहतो, आणि तो चुकीचा नसतो. आपल्याकडे शिष्य गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसतो तेव्हा तो मैफलीचा भाग असतो आणि शिकतही असतो. डल्सिमरच्या गोलात पहिल्या दिवशी आलेला माणूस त्याच जागेवर बसतो. पुढे एखाद्या ओळीचा शेवटचा स्वर तो पकडतो, मग अर्धी ओळ. पडद्यांत भलते स्वर नसल्याने चूक झाली तरी ती थाटातलीच राहते. आवाज मुळात लहान असल्याने एकट्याची चूक गोलात विरून जाते.

लिहून ठेवण्याची पद्धतही नवख्याला धार्जिणी आहे. तीन तारांसाठी तीन रेषा आणि त्यांवर पडद्यांचे आकडे, एवढेच टॅब्लेचर. ‘बॉइल देम कॅबेज डाउन’ ही लोकधून पहिल्या धड्यात हमखास येते, कारण खुली तार आणि पहिले तीन पडदे यांतच ती बसते.

‘सर्वांत सोपे तंतुवाद्य’ ही डल्सिमरची ख्याती मात्र निम्मीच खरी आहे. पहिली चाल तासाभरात वाजते यात शंका नाही. अवघड काम उजव्या हाताचे असते : लय न तुटता आघात मागेपुढे करणे, आणि चालीची तार इतर तारांच्या घुमण्यात बुडू न देणे. गोलात हे दोष लपतात, म्हणून वर्षानुवर्षे तसेच राहतात. तारा स्वतः कानाने मिळवणे हेही असेच मागे पडणारे कौशल्य. खुंटीला चिकटवायच्या विजेरी ट्यूनरने त्याची गरज जवळजवळ संपवली आहे.

निवासी शिक्षणाच्या संस्था ही उणीव थोडीफार भरून काढतात. नॉर्थ कॅरोलायनातील ब्रासटाउन येथे १९२५ मध्ये स्थापन झालेले जॉन सी. कॅम्पबेल फोक स्कूल डेन्मार्कच्या लोकशाळांच्या धर्तीवर चालते. तिथे परीक्षा नाही, गुण नाहीत. केंटकीचे नामवंत कारागीर होमर लेडफर्ड यांचा डल्सिमरशी संबंध तरुणपणी इथेच जुळला. उन्हाळ्यात आठवडाभराची शिबिरेही भरतात. या सौम्य जगात स्पर्धा अगदीच नाहीत असे नाही : कॅन्ससमधील विनफील्ड येथे वॉलनट व्हॅली महोत्सवात राष्ट्रीय माउंटन डल्सिमर अजिंक्यपद ठरते.

२०२० मध्ये कोविडमुळे गोल बंद पडले आणि शिकणे संगणकाच्या पडद्यावर आले. आवाज पोचायला क्षणाचा अंश लागतो, तेवढ्याने ठेका मोडतो, म्हणून सगळ्यांनी आपला मायक्रोफोन बंद ठेवून फक्त शिक्षकाबरोबर वाजवायचे, असा तोडगा निघाला. दूरच्या नामांकित शिक्षकांपर्यंत यामुळे पोचता आले. पण शेजाऱ्याचा घुमणारा पंचम ऐकू येत नाही तिथे नवख्याला स्वतःची प्रत्येक चूक स्वच्छ ऐकू येते.

लावणीचा वाद

गोलाने वाद्यही बदलले. १९६० च्या दशकानंतर साडेसहावा म्हटला जाणारा जादा पडदा सर्रास बसवला जाऊ लागला. त्याने शुद्ध निषाद मिळतो, त्यामुळे डी-ए-डी या एकाच लावणीत खुल्या तारेपासून खमाज आणि बिलावल दोन्ही निघतात. मग तिन्ही तारांवर बोटे ठेवून कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, वाजवण्याची शैली रुजली, आणि पुढे दीड क्रमांकाचा पडदा व बाराही स्वरांची वाद्येही आली. गोलातल्या तीस जणांना दर चालीला तारा बदलायला लावणे व्यवहार्य नसल्याने डी-ए-डी हीच क्लबांची लावणी ठरली. सोय झाली, पण आसावरी आणि काफीच्या जुन्या उदास चाली आणि नोटरची मींड गोलातून जवळपास हद्दपार झाली, ही प्रस्तुत लेखकाच्या मते मोठी किंमत आहे. महोत्सवांत आता नोटरचे स्वतंत्र वर्ग ठेवतात. तिथे चालीची तार डी वरून ए पर्यंत, म्हणजे षड्जावरून खालच्या पंचमावर, उतरवावी लागते. डी साठी निवडलेली बारीक तार तेवढी उतरवली की सैल पडून फडफडते. म्हणून अशा वर्गाला येणारे पुष्कळजण दोन डल्सिमर घेऊन येतात, आणि दुसरे बहुधा जुने, घरात पडून असलेले असते.