इसब: मलम किती, कुठे आणि कधी

इसब एकाचे दुसऱ्याला लागत नाही; मुलाला वेगळे झोपवू नका. इसबाच्या त्वचेत ओलावा टिकत नाही, ती कोरडी पडून खाजते आणि खाजवल्याने आणखी फाटते. म्हणून मॉइश्चरायझर हे मूळ औषध, आणि लाली गेल्यावरही ते रोज दोनदा लागते.

बहुतेकांचे प्रमाणातच चुकते. अंगभर इसब असेल तर मुलाला आठवड्याला पाव किलो, मोठ्या माणसाला अर्धा किलो लागते. ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल, तर तुम्ही फार कमी लावत आहात. मोठा डबा घ्या, त्यात बोटे न घालता स्वच्छ चमच्याने काढा.

आंघोळ कोमट पाण्याने, ५ ते १० मिनिटे. घासणी, उटणे, डाळीचे पीठ, मोहरीचे तेल नको. अंग टिपून घ्या आणि ओलसर असतानाच, ३ मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर न चोळता लावा. व्हॅसलीनसारखे मलम कपड्यांत मुरले की कपडे चटकन पेट घेतात. चूल, गॅस, निरांजन यांपासून जपा.

स्टेरॉइड मलम (लाली आणि खाज उतरवणारे औषध) फक्त लाल, खाजणाऱ्या जागी, मॉइश्चरायझरनंतर अर्ध्या तासाने. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंतची मलमाची रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला ती पुरते. घाबरून दोन दिवसांत बंद केले की इसब पुन्हा उसळतो. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा.

मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ‘खाजेची ट्यूब’ मागू नका, आम्ही औषध दुकानदार ती देणार नाही. अशा अनेक ट्यूबमध्ये क्लोबेटासॉल हे अतितीव्र स्टेरॉइड असते. चेहऱ्यावर किंवा जांघेत त्याने त्वचा पातळ होते. आणि तो इसब नसून गजकर्ण असेल (गोल, उठावदार कड, मधली त्वचा जरा बरी), तर खाज तात्पुरती थांबते, पण बुरशी पसरत जाते.

शेतकऱ्यांचा इसब पापण्या, मान आणि कोपराच्या घडीत असेल तर गाजरगवताचा संशय घ्या. ते उघड्या हाताने उपटू नका, जाळू नका. शेतातून आल्यावर कपडे बदला. हाताच्या इसबाला भांड्यांचा साबण, लसूण, ओले सिमेंट, द्राक्षबागेतली फवारणी कारण ठरू शकते. रबरी हातमोज्यांच्या आत सुती मोजे घाला.

दूध-अंडी स्वतःच्या मनाने बंद करू नका. मुलाची वाढ खुंटू शकते.

पिवळी खपली किंवा पू दिसला तर डॉक्टरांना दाखवा. दुखरे, एकसारखे बारीक फोड आणि ताप आला, विशेषतः डोळ्याजवळ, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.