बेळगाव जिल्ह्यातून बीएस्सी ॲग्री: कृषिक कोटा, कागदपत्रे आणि कॉलेजांचा क्रम

कर्नाटकात बीएस्सी ऑनर्स ॲग्रिकल्चरचा प्रवेश केईएच्या (कर्नाटक परीक्षा प्राधिकरण) सीईटी या प्रवेश परीक्षेतून होतो. सर्वसाधारण जागांचा रँक पीयूसी (अकरावी-बारावी) आणि सीईटीचे निम्मे-निम्मे गुण धरून लागतो. शेतकऱ्यांच्या मुलांसाठीच्या कृषिक कोट्यात मात्र पीयूसी 25 टक्के, सीईटी 25 टक्के आणि प्रात्यक्षिक परीक्षा तब्बल 50 टक्के. सीईटीत मध्यम गुण पडलेल्या खानापूर-निपाणीकडच्या मुलांनी हा कोटा सोडणे म्हणजे हातची जागा घालवणे.

कोट्याचा दावा सीईटीच्या ऑनलाइन अर्जातच करा. तहसीलदारांचा कृषिक दाखला केईएच्या नमुन्यातच हवा. घोडे अडते ते उताऱ्यावर. जमीन अजून आजोबांच्या नावावर असेल तर वंशावळ आधीच काढून ठेवा. नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालय) मिळालेला आरडी नंबरचा (दाखल्याचा क्रमांक) जात-उत्पन्न दाखला, आधार आणि दहावीचे मार्क्स कार्ड यांवर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, तेही तपासा.

पहिली ते बारावीपैकी किमान सात वर्षे कर्नाटकात शिकल्याचा दाखला लागतो आणि दहावी किंवा बारावी इथूनच उत्तीर्ण हवी. काही वर्षे चंदगड-गडहिंग्लजला शिकलेल्यांनी हा हिशोब आधी मांडावा. ग्रामीण कोट्यासाठी पहिली ते दहावी खेड्यातच झालेली हवी. त्या दाखल्यावर बीईओंची (गटशिक्षणाधिकारी) प्रतिस्वाक्षरी घ्या. अर्जातले ‘गडिनाडू कन्नडिग’ हे कलम आपल्यासाठी नाही. ते जत-अक्कलकोटसारख्या कर्नाटकाबाहेरच्या भागातल्या कन्नड भाषिकांसाठी आहे.

प्रात्यक्षिकात बियाणे, रोपे, खते, अवजारे ओळखायची असतात. घरी ऊस-भात पिकवणाऱ्या मुलांना राळा आणि वरी समोर ठेवली की चटकन सांगता येत नाही. वाण्याकडून मूठ-मूठ बियाणे आणून बशीत मांडा आणि रोज ओळखा. युरियाचे शुभ्र दाणे, तांबूस पोटॅश, करडे डीएपी हेही हाताळून पाहा. कन्नड नावे पाठ हवीत: राळा म्हणजे नवणे, तूर तोगरी, कुळव कुंटे, पाभर कूरिगे.

ऑप्शन (कॉलेजांचा पसंतीक्रम) भरताना धारवाड कृषी विद्यापीठाचे धारवाड, विजयपूर आणि हनुमनमट्टी हे कॅम्पस आधी घ्या. फळबाग-भाजीपाल्याची आवड असेल तर आपल्याच जिल्ह्यात अरभावीला बागलकोट विद्यापीठाचे हॉर्टिकल्चर कॉलेज आहे. ती पदवी वेगळी, पण दर्जा तितकाच. खासगी कॉलेज निवडण्याआधी त्याला आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषद) मान्यता आहे का ते पाहाच. ती नसेल तर पुढे एमएस्सीला आयसीएआरच्या जागांवर दार बंद होते.

मॉक ॲलॉटमेंट (जागांचे सराव वाटप) पाहून क्रम बदलता येतो, तो जरूर तपासा. खरी जागा लागल्यावर मिळालेल्या कॉलेजच्या खालचे सगळे ऑप्शन रद्द होतात. जागा हातात ठेवून वरच्या कॉलेजची वाट पाहायची असेल तर चॉइस 2 निवडा. चॉइस 3 घेतला की मिळालेली जागा सुटते.