घोट्यातली नस मोकळी केली. स्पर्श परतला का, हे मोजायचं कसं?

चप्पल पायातून निसटली आणि चार पावलं पुढे गेल्यावर कळलं, असं सांगणारे मधुमेही आपल्या इंदूरच्या मराठी घरांतही भेटतात. भर उन्हात खजराण्याच्या गणपतीला अनवाणी चालून आल्यावर तळव्याला फोड आलेत हे घरच्यांनी दाखवावं लागतं, इतका बधिरपणा काहींना असतो. अशांपैकी काहींना आतल्या घोट्यामागच्या अरुंद जागेत दबलेली नस मोकळी करण्याचं ऑपरेशन सुचवलं जातं. नंतर विचारलं की उत्तर येतं, "आता बरं वाटतंय." हे ऐकून आनंद होतो, पण ते मोजमाप नव्हे.

मोजायला लागतो दांडीला बसवलेला नायलॉनचा ताठ धागा, मोनोफिलामेंट. तो तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबायचा, सेकंदभर ठेवायचा, उचलायचा. एकदा वाकल्यावर आणखी जोर लावला तरी त्वचेवरचा दाब फारसा वाढत नाही. किती बळाला वाकायचं हे धाग्याची जाडी आणि लांबी ठरवते, तपासणाऱ्याचा हात नाही. १८९०च्या दशकात फॉन फ्राय या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने घोड्याचे केस वापरून हेच साधलं होतं. मला ही युक्ती फार सुंदर वाटते.

१० ग्रॅम बळाला वाकणारा धागा कळला नाही, तर पायाला इजेपासून वाचवणारी जाणीव गेली असं धरतात. ऑपरेशनच्या आधी-नंतर तुलना करायला मात्र एवढ्यावर भागत नाही. आधी फक्त सर्वांत जाड धागा कळायचा आणि आता मधल्या जाडीचा, पण १० ग्रॅमच्या धाग्याहून जाडच, कळतो, ही खरी सुधारणा आहे. पण १० ग्रॅमच्या परीक्षेत तो पाय दोन्ही वेळा नापासच. म्हणून वेगवेगळ्या जाडीचे धागे हवेत.

पद्धतही काटेकोर हवी. "काकू, डोळे मिटा, कळेल तेव्हा फक्त 'हो' म्हणा." अंगठा, चवडा, टाच, क्रम बदलत, घट्टे पडलेली जागा टाळून. मधूनच मुद्दाम काही न टेकवता थांबायचं. तेव्हाही 'हो' आलं, तर काकू अंदाजाने बोलताहेत.

घाईही नको. नुसत्या दाबाने अडलेले संदेश लवकर सुरू होऊ शकतात. पण नसेतले तंतूच झिजले असतील, तर ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात. घोट्यापासून अंगठ्यापर्यंत २० सेंटीमीटर म्हटले, तरी सहा-सात महिने झाले. पंधरा दिवसांत निकाल लावणं अन्यायाचं आहे.

मधुमेहामुळे दोन्ही पायांत पसरलेल्या बधिरपणावर या ऑपरेशनचा उपयोग सिद्ध झालेला नाही, असं अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या अकादमीने २००६ मध्ये पुरावे तपासून म्हटलं होतं. एखाद्या ठिकाणी नस खरोखर दबलेली असणं ही वेगळी गोष्ट. साखर आटोक्यात आल्याने किंवा नुसत्या आशेनेही बरं वाटू शकतं. म्हणून ऑपरेशन न झालेला पायही मोजावा, आणि शक्य असेल तर कोणता पाय उघडला होता हे तपासणाऱ्याला सांगूच नये.

ऑपरेशन इंदूरला आणि पुढची तपासणी मुलाकडे पुण्याला होणार असेल, तर आधीच तळव्याच्या चित्रावर कोणत्या जागी किती ग्रॅम कळले ते तारखेसह लिहून घ्या आणि तो कागद सोबत न्या.