लाकूडही फोमच, फक्त झाडाने केलेला

बाल्साचा ठोकळा हातात घेतला की हे लाकूड आहे यावर विश्वास बसत नाही. नख रुतवले तरी खड्डा पडतो. सागाचा तेवढाच ठोकळा वजनाला साधारण चौपट भरतो. तरीही दोघांच्या पेशीभिंती ज्या पदार्थाच्या आहेत त्याची घनता जवळपास एकच, घनमीटरला सुमारे 1500 किलो. नुसता तो पदार्थ पाण्यात टाकला तर सरळ तळ गाठेल. लाकूड तरंगते ते आतल्या पोकळीवर, आणि बाल्सात ही पोकळी नव्वद टक्क्यांच्या घरात असते.

होडी बांधायला निघालेल्या माणसापुढे ‘लाकूड की फोम’ हा प्रश्न बहुधा ‘जुने की नवे’ अशा थाटात येतो. मला हा थाट पटत नाही. लाकूड हाही फोमच आहे. त्यातले बुडबुडे गोल नाहीत, लांबट नळ्या आहेत आणि बहुतेक सगळ्या एकाच दिशेने रचलेल्या. म्हणून तर ते उभ्या अंगाने दणकट असते आणि कुऱ्हाडीच्या एका घावात फाटतेही. प्लायवूडमध्ये पातळ पापुद्रे एकमेकांना काटकोनात चिकटवून ही खोड बऱ्यापैकी मोडून काढतात.

फोम सँडविचची गंमत वेगळी. मध्ये फोमचा हलका गाभा आणि दोन्ही अंगांना काचतंतू व रेझिन (वाळल्यावर कडक होणारा चिकट द्रव) यांचा पातळ थर. फोम एकटा घेतला तर गुडघ्यावर मोडेल. पण कोणतीही फळी वाकवली की एक पृष्ठभाग ताणला जातो, दुसरा दाबला जातो, आणि मधल्या भागाला या ओढाताणीत फारसे काम उरत नाही. मग मजबूत आणि जड माल बाहेर ठेवावा, मध्ये हलके काहीतरी भरावे. भरीव फळीची जाडी दुप्पट केली की तिचा ताठपणा आठपट होतो, तो मुख्यतः दोन पृष्ठभागांतल्या अंतरामुळे. हे अंतर फोम फुकटात, म्हणजे वजनाच्या हिशेबात फुकटात, मिळवून देतो.

गाभ्याला एक काम मात्र चुकत नाही. पत्त्यांचा कॅट वाकवून बघा: पाने एकमेकांवरून सरकतात, म्हणूनच तो सहज वाकतो. गाभ्याने दोन्ही थरांना असे सरकू द्यायचे नसते. या कामात बाल्सा नेहमीच्या पीव्हीसी फोमपेक्षा कितीतरी सरस आहे. 1940 साली पहिले उड्डाण केलेल्या ‘मॉस्किटो’ या ब्रिटिश युद्धविमानाचे धडही सँडविचच होते, बाहेर बर्च झाडाचे प्लायवूड आणि आत बाल्सा. प्लॅस्टिकचा फोम कुठेच नाही.

आता वजन. 9 मिलिमीटर जाडीचे हलके मरीन प्लायवूड चौरस मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास भरते. 12 मिलिमीटर फोमवर दोन्हीकडे एकेक मिलिमीटरचा काचतंतूंचा थर दिला तर साडेचार किलो. वजन जवळपास तेच, पण ढोबळ हिशेबाने सँडविच तिपटीने ताठ. इथे निकाल लागला असे वाटते, पण तीन-चार मीटरच्या होडीला 9 मिलिमीटर लागतेच कुठे? तिला 4 किंवा 6 मिलिमीटर पुरते, म्हणजे दोन ते तीन किलो. सँडविचला तितके हलके करायचे तर बाहेरचे थर कागदासारखे पातळ करावे लागतील, आणि किनाऱ्यावरचा पहिला टोकदार दगड त्यांतून आरपार जाईल. म्हणून छोट्या होडीत प्लायवूड जिंकते. आकार वाढत जातो तसा फोमचा फायदा दिसू लागतो आणि दहा मीटरच्या पुढे तो नाकारणे अवघड होते.

घडणीचाही प्रश्न आहे. प्लायवूड कागदासारखे एका दिशेने वळते, चेंडूवर गुंडाळायला गेलात तर सुरकुत्या पडतात. होडीचा आराखडाच त्या मर्यादेत बसवला तर काम सोपे होते. 1963 साली आलेल्या ‘मिरर’ होडीत प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने अक्षरशः शिवायचे आणि सांध्यांवर काचतंतूंची पट्टी व रेझिन चढवायचे. अशा सत्तर हजारांहून अधिक होड्या तयार झाल्या. फोम गरम करून किंवा त्याला खाचा पाडून दोन्ही दिशांनी वळवता येतो, पण बाहेरचा थर गाभ्याला नीट चिकटवणे हे खरे कसब. त्यासाठी प्लॅस्टिकखाली निर्वात पोकळी करतात आणि बाहेरची हवाच दाब देते. पूर्ण निर्वात साधली तर तो दाब चौरस मीटरला दहा टनांचा असतो. आणि पैसे वाचवायला थर्माकोल वापरू नका. पॉलिस्टर रेझिनमधले स्टायरीन नावाचे द्रावक त्याला डोळ्यांदेखत विरघळवून टाकते. इपॉक्सी हे दुसऱ्या जातीचे रेझिन तसे करत नाही.

दोघांचा शत्रू पाणीच, पण वार निराळे. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणाऱ्या बुरशीचे काही चालत नाही. समुद्राच्या पाण्यापेक्षा डेकवर, म्हणजे होडीच्या वरच्या पृष्ठभागावर, साचलेले पावसाचे पाणी लाकूड लवकर कुजवते, हे नवख्याला सहसा खरे वाटत नाही. खाऱ्या पाण्यात धोका निराळा: लाकूड पोखरणारा ‘जहाजकिडा’, जो किडा नसून शिंपल्यांचा भाऊबंद आहे.

फोम कुजत नाही. त्याचे दुखणे भोकांतून सुरू होते. डेकवर खुंटा बसवायला बोल्ट आवळला की फोम चेपतो, भोकाशी फट पडते आणि पाणी थर व गाभा यांच्यामध्ये शिरते. म्हणून भोक आधी मोठे पाडायचे, त्यात दाट केलेले इपॉक्सी भरायचे आणि ते वाळल्यावर त्यातूनच बोल्टचे भोक पाडायचे. जिथे जास्त ओढ बसणार तिथे मी फोम काढून सरळ प्लायवूड बसवीन. गडद रंगाचाही मोह नको: कडक उन्हात असा डेक सत्तर अंशांच्या आसपास तापू शकतो आणि पीव्हीसी फोम तिथे नरम पडू लागतो.

थर सुटला तर वरून काहीच दिसत नाही. त्यासाठी खिशातले नाणे काढून डेकवर ठोकत जायचे. चिकटलेल्या जागी टणक ‘टक’ येतो, सुटलेल्या जागी बद्द. बद्द आवाजाच्या कडेने खडूची रेघ ओढली की दुरुस्तीचा नकाशा तयार होतो.