डिजिटल कौशल्यमापन (कुमारवयीन)

कुमारवयीन मुलामुलींना संगणक, मोबाइल आणि इंटरनेट किती जाणतेपणाने वापरता येते, याची मोजणी. ती दोन तऱ्हांनी होते : विचारून आणि करून घेऊन. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतला ४.४.१ हा निर्देशक पहिल्या तऱ्हेचा. कॉपी-पेस्ट केले का, ईमेलला फाइल जोडली का, असे त्यात विचारतात. ‘येतं की!’ म्हणायला काही पडत नाही, म्हणून या आकड्यांवर फार विसंबू नये.

आयसीआयएलएस ही आंतरराष्ट्रीय चाचणी (२०१३, २०१८, २०२३) आठवीच्या मुलांना संगणकावर बसवून कामच करायला लावते. २०२३मध्ये युरोपीय संघातल्या सहभागी देशांतली सरासरी ४३ टक्के मुले चार पातळ्यांपैकी दुसऱ्या पातळीलाही पोचली नाहीत. स्क्रीनसमोर वाढलेली पिढी आपोआप तरबेज होते, हा समज तिथेच निकालात निघाला. भारत या चाचणीत नाही.

आपल्याकडे ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीने २०२३मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची घरी जाऊन परीक्षा घेतली. फोन मुलांनीच आणायचा. मग गजर लावा, उत्तर शोधा, यूट्यूबवर व्हिडिओ हुडका, नकाशावर प्रवासाचा वेळ काढा. फोन आणू शकलेल्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांना व्हिडिओ सापडला. नकाशा एक तृतीयांशाहून थोड्याच जास्त जणांना जमला. मुली मागे पडल्या. पण स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन ४३.७ टक्के मुलांकडे आणि १९.८ टक्के मुलींकडेच होता. आयसीआयएलएसमध्ये मुली मुलांच्या पुढे असतात. तेव्हा उणीव कशाची, हे उघड आहे.

‘असर’ ग्रामीण असल्याने इंदूरसारखे शहर त्याबाहेर राहते. इथे हाती उरतात ते शाळेचे गुण. सीबीएसईच्या शाळांत २०१९-२०पासून नववीला कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय घेता येतो : ५० गुण लेखी, ५० प्रात्यक्षिक व प्रकल्पाचे. लेखी परीक्षा व्याख्या घोकून निभावते. इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या मराठी घरात मात्र वेगळीच परीक्षा चालू असते. नातू संगणक इंग्रजीतून शिकतो, मित्रांशी हिंदीत बोलतो, आजीला रोमन अक्षरांत मराठी निरोप धाडतो, तिचे वीजबिलही तोच भरतो. ‘आज रात्री वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज आला की, ‘अरे, हे खरं का?’ म्हणून आजी त्यालाच हाक मारते. डिजकॉम्प या डिजिटल कौशल्यांच्या युरोपीय आराखड्याच्या पाच क्षेत्रांत सुरक्षितता हे स्वतंत्र क्षेत्र आहे. असा मेसेज हाती देऊन तो खरा की खोटा हे ओळखण्याला प्रात्यक्षिकात चार गुण ठेवायला शाळेला वेगळी लॅब लागत नाही.